आलेख काढण्याआधी एक वाक्य लिहा

बीजगणितातला आलेख काढायला बसलात की पेन्सिल लगेच अक्षांकडे नेऊ नका. आधी कागदावर सर्वांत वर एक वाक्य लिहा: कोणती राशी बदलली की कोणती बदलते, आणि कशी. माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हे वाक्य लिहायला लावते. ते नीट जमलं की पुढचं काम हाताचं उरतं. ते न लिहिता काढलेला आलेख कितीही सुबक असला तरी काढणाऱ्यालाच तो वाचता येत नाही, हे मी वहीमागून वहीत बघते.

समजा, 20 सेंटिमीटर उंचीची मेणबत्ती तासाला 2.5 सेंटिमीटर या एकाच वेगाने जळते आहे. वाक्य असं होईल: दर तासाला मेणबत्तीची उंची 2.5 सेंटिमीटरने घटते. उंची वेळेवर अवलंबून आहे. वेळ काही मेणबत्तीसाठी थांबत नाही. म्हणून वेळ आडव्या अक्षावर, म्हणजे क्ष, आणि उंची उभ्या अक्षावर, म्हणजे य. समीकरण झालं य = 20 − 2.5क्ष. आता कोष्टक करा: 0 तासांना 20, 2 तासांना 15, 4 तासांना 10, 6 तासांना 5, 8 तासांना 0. बिंदू मांडा, पण पट्टी लगेच उचलू नका. आधी नुसते डोळ्यांनी बघा, एका ओळीत येतात का. एखादा बिंदू ओळ सोडून बसला असेल तर आकडेमोड तपासायची वेळ आत्ताच आहे.

रेषा काढली की तिला तीन प्रश्न विचारा. उभ्या अक्षाला ती कुठे छेदते? 20 वर, म्हणजे पेटवण्याच्या क्षणीची उंची. आडव्या अक्षाला कुठे? 8 वर, म्हणजे मेणबत्ती संपण्याची वेळ. आणि चढ किती, म्हणजे क्ष 1 ने वाढला की य कितीने बदलतो? उणे 2.5. इथे मी हटकून थांबवते, कारण बहुतेक जण नुसता आकडा लिहून मोकळे होतात. चढालाही एकक असतं: उभ्या अक्षाचं एकक भागिले आडव्याचं. इथे ते ‘सेंटिमीटर दर तासाला’ आहे. एकक लिहिलं की चढ म्हणजे जळण्याचा वेग हे वेगळं सांगावं लागत नाही, आणि उणे चिन्ह का आलं तेही कळतं.

रेषा 8 च्या पुढे वाढवू नका. समीकरणाला 10 तास दिले तर ते निमूटपणे उणे 5 सेंटिमीटर उंची सांगेल. पण आलेख मेणबत्तीचा आहे, तो मेणबत्तीबरोबरच संपायला हवा.

बिंदू जोडायचे की नाही, हेही राशीच ठरवते. काही माणसं जमली आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हस्तांदोलन केलं, तर 2 माणसांत 1, 3 माणसांत 3, 4 माणसांत 6, 5 माणसांत 10 हस्तांदोलनं होतात. साडेतीन माणसं नसतात, म्हणून इथे बिंदू सुटेच ठेवायचे. आणि प्रमाण, म्हणजे कागदावरचं एक घर किती एककांचं, ते अक्षाशेजारी न विसरता लिहा. प्रमाण बदललं की तीच रेषा उभट किंवा सपाट दिसते, चढाचा आकडा मात्र तोच राहतो.

आता मला सगळ्यात आवडणारं उदाहरण. आयताची लांबी आणि रुंदी याच दोन राशी घ्या, पण त्यांच्यावर दोन वेगळ्या अटी घालून बघा. पहिली अट: परिमिती 20. म्हणजे क्ष + य = 10. एक बाजू 1 ने वाढली की दुसरी बरोबर 1 ने घटते, कुठूनही सुरुवात करा. घट सतत सारखी, म्हणून सरळ रेषा. दुसरी अट: क्षेत्रफळ 24. म्हणजे क्ष × य = 24. कोष्टक असं येतं: 2 ला 12, 3 ला 8, 4 ला 6, 6 ला 4, 8 ला 3, 12 ला 2. इथे क्ष 2 वरून 3 वर गेला तर य 4 ने उतरतो, पण 3 वरून 4 वर गेला तर 2 नेच. पुढे 8 पासून 12 पर्यंत चार पावलं चालूनही तो फक्त 1 ने उतरतो. घट मंदावत जाते, म्हणून वक्र. हे बिंदू पट्टीने जोडू नका, हाताने सलग वळण द्या. आणि वळण अक्षाला टेकवू नका, कारण एक बाजू 0 झाली तर क्षेत्रफळ 24 कुठून येणार?

दोन्ही आलेख एकाच कागदावर, एकाच प्रमाणात काढा. ते (4, 6) आणि (6, 4) इथे छेदतात. परिमिती 20 आणि क्षेत्रफळ 24 असलेला आयत हाच. एरवी यासाठी क्ष² − 10क्ष + 24 = 0 हे वर्गसमीकरण सोडवावं लागतं; इथे त्याची दोन्ही उत्तरं समोर दिसतात. समीकरणाला आकार असतो, ही कल्पना फ्रेंच गणितज्ञ रने देकार्तने 1637 मध्ये प्रसिद्ध केली, आणि पिएर द फर्माही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथे पोहोचला होता. मला ती आजही तितकीच मोठी वाटते.

छेदबिंदू मिळाले म्हणून कागद मिटू नका. दोन छेदबिंदूंच्या मधला भाग बघा: तिथे रेषा वक्राच्या वर आहे. म्हणजे रेषेच्या त्या तुकड्यावरच्या प्रत्येक आयताचं क्षेत्रफळ 24 पेक्षा जास्त. (5, 5) घेऊन पडताळा, 25 येतं. आता क्षेत्रफळाची अट 24 ऐवजी 25 करा आणि नवा वक्र काढा. तो थोडा वर सरकतो आणि रेषेला फक्त (5, 5) वर स्पर्श करतो. आयत एकच उरला, आणि तो चौरस आहे. अट 26 केली तर वक्र आणि रेषा भेटतच नाहीत. तिथे वर्गसमीकरणाचा विवेचक, म्हणजे त्याला वास्तव उत्तरं आहेत की नाहीत हे सांगणारी संख्या, 100 − 104 = उणे 4 येतो. सूत्रातलं ‘वास्तव मुळं नाहीत’ हे वाक्य कागदावर असं दिसतं: दोन आकृत्या, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा.

सरावासाठी परिमिती 20 च ठेवा आणि क्षेत्रफळ 21 घ्या. आधी वाक्य लिहा, मग कोष्टक करा, आणि वक्र काढण्यापूर्वीच अंदाज करून ठेवा: छेदबिंदू आधीपेक्षा जवळ येतील की दूर जातील?