लिनक्समध्ये मागे ठेवलेले काम प्रोसेसरांकडे कसे सोपवावे

चार्जरची पिन लावली की इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवायला लावणारा हार्डवेअरचा संकेत, येतो, परंतु बॅटरीची स्थिती आय-टू-सी बसवरून (चिपांना जोडणाऱ्या संथ वाहिनीवरून) वाचताना उत्तराची वाट पाहावी लागते आणि इंटरप्टमध्ये थांबता येत नाही. म्हणून ड्रायव्हरने तिथे फक्त दखल घ्यावी आणि वाचनाचे काम वर्कक्यूवर, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेत, टाकावे. जे काम कधीही झोपू शकते, म्हणजे प्रोसेसर सोडून वाट पाहत थांबू शकते, मग ते म्युटेक्ससाठी (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या कुलपासाठी) असो वा मेमरीसाठी, ते टास्कलेटमध्ये, म्हणजे इंटरप्टनंतर लगेच, न झोपता काम उरकण्याच्या जुन्या सोयीत, चालत नाही.

त्यासाठी स्वतःचा थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा कार्यप्रवाह, मात्र काढू नये. पूर्वी साधारणपणे प्रत्येक वर्कक्यूला दर प्रोसेसरमागे एक थ्रेड लागे. २०१० मध्ये आलेल्या कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) २.६.३६ आवृत्तीत विकासक तेजून हिओ यांच्या फेररचनेने सर्व वर्कक्यूंसाठी सामाईक वर्कर-पूल, म्हणजे कामे करणाऱ्या थ्रेडचे गट, आणले. प्रत्येक प्रोसेसरवर साध्या आणि तातडीच्या कामांसाठी असे दोन पूल असतात. एखादा वर्कर झोपला आणि कामे शिल्लक असली, की शेड्यूलरकडून (कोणता थ्रेड कधी चालेल हे ठरवणाऱ्या भागाकडून) ते पूलला कळते आणि दुसरा वर्कर उठवला जातो.

खरी मेख इथेच आहे. न झोपता दीर्घकाळ गणित करणारा वर्कर पूलच्या दृष्टीने ‘चालू’ असतो, त्यामुळे त्याच्यामागची कामे, बहुतेकदा दुसऱ्याच ड्रायव्हरची, अडून राहतात. असे काम ‘अनबाउंड’, म्हणजे कोणत्याही एका प्रोसेसरला न बांधलेल्या, वर्कक्यूवर टाकावे. मग शेड्यूलर त्याला मोकळा प्रोसेसर शोधून देतो, आणि ६.६ आवृत्तीपासून ते शक्यतो सामाईक कॅश (प्रोसेसरजवळची जलद मेमरी) असलेल्या प्रोसेसरांच्या गटातच सुरू होते. ६.५ पासून कर्नल स्वतःच, मूळ मर्यादा १० मिलिसेकंद धरून, अशी कामे बाजूला काढतो. पण त्या भरवशावर ड्रायव्हर लिहिणे मला योग्य वाटत नाही.

मेमरी मोकळी करण्याच्या वाटेवर काम येत असेल, तर वर्कक्यू तयार करताना ‘मेम-रिक्लेम’ खूण अनिवार्य समजावी. तिच्यामुळे वर्कक्यूला राखीव थ्रेड मिळतो आणि नवा वर्कर काढण्यापुरतीही मेमरी नसताना काम पुढे सरकते.

प्रोसेस-यादीत ‘केवर्कर/३:१’ दिसल्यास तो वर्कर ‘३’ क्रमांकाच्या प्रोसेसरला बांधलेला समजावा, आणि तिरप्या रेघेनंतर ‘यू’ असल्यास अनबाउंड.

ड्रायव्हर काढताना आधी इंटरप्ट बंद करावा, मग काम रद्द करून चालू असलेले संपेपर्यंत थांबावे आणि त्यानंतरच त्याची मेमरी परत करावी. हा क्रम उलटला, तर इंटरप्ट रद्द झालेले काम पुन्हा रांगेत टाकू शकतो आणि वर्कर परत केलेल्या मेमरीला हात घालतो.