आधी तेलाची बाटली काट्यावर ठेवा

स्वयंपाकघरासाठी छोटा डिजिटल काटा घरी आणलात की त्यावर पहिल्यांदा तेलाची बाटली ठेवा. भात-पोळीची पाळी नंतर. आपल्या नागपुरी जेवणात कॅलरी सगळ्यात जास्त कुठे वाढतात म्हणाल, तर फोडणीत. 1 ग्रॅम तेलात 9 कॅलरी, आणि तेवढ्याच वजनाच्या कणकेत किंवा डाळीत साडेतीनच्या आत. हात सैल पडून एक मोठा चमचा, म्हणजे 13-14 ग्रॅम तेल जास्त गेलं, की सव्वाशे कॅलरी वाढल्या. बिनतेलाच्या दीड पोळीएवढ्या!

मोजायचं असं: बाटली काट्यावर ठेवा, टेअरचं बटण दाबून आकडा शून्यावर आणा, बाटली उचलून कढईत तेल घाला आणि बाटली परत ठेवा. उणे 22 दिसलं तर 22 ग्रॅम तेल गेलं. चमचा लागत नाही, वाटी लागत नाही. फल्लीचं म्हणजे शेंगदाण्याचं तेल घ्या की सोयाबीनचं, हिशेब तोच. फक्त मिलिलिटर आणि ग्रॅम एक धरू नका. 1 लिटर तेल वजनाला 910-920 ग्रॅमच भरतं.

काटा घेताना 5 किलोपर्यंत तोलणारा, 1 ग्रॅमचा फरक दाखवणारा आणि टेअर असलेला घ्या. नागपुरात इतवारीत, बर्डीवर कुठेही मिळतो. खरा आहे का हे बघायला 10 रुपयांची दहा नाणी ठेवा; एक नाणं सुमारे 7.7 ग्रॅमचं, म्हणजे 77 च्या जवळ आकडा यायला हवा. ओटा सपाट हवा. उन्हाळ्यात कूलरचा झोत स्वयंपाकघरापर्यंत येत असेल तर आकडा सारखा हलतो. तेवढ्या वेळापुरतं दार लोटून घ्या. आणि गरम भांडं थेट काट्यावर कधीच नको. खाली लाकडी पाट ठेवून आधी पाटासकट शून्य करा.

आता मुख्य गोष्ट. आमच्या घरी पाच माणसं एकाच गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं खातात. प्रत्येकाचं ताट उचलून काट्यावर ठेवत बसलं तर जेवणाची मजाच जाते, आणि मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना तर ते अजिबात चालणार नाही. म्हणून मी गंज तोलते. घरातल्या प्रत्येक गंजाचं, कढईचं, कुकरच्या डब्याचं रिकामं वजन एकदा कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. बरेच काटे थोड्या वेळाने आपोआप बंद होतात आणि शून्य विसरतात. कागद विसरत नाही.

वरणाचं उदाहरण घ्या. कच्ची तूरडाळ 150 ग्रॅम, म्हणजे सुमारे 500 कॅलरी. फोडणीचं तेल 15 ग्रॅम, म्हणजे 135. एकूण 635. तयार वरण गंजासकट 1480 ग्रॅम भरलं आणि रिकामा गंज 420 चा असेल, तर वरण झालं 1060 ग्रॅम. 635 ला 1060 ने भागा: ग्रॅममागे 0.6 कॅलरी. 150 ग्रॅमची कटोरी वाढली तर 90. कटोरीत किती मावतं हे एकदाच तोलून ठेवा, मग रोज नुसती कटोरी मोजली तरी चालतं.

कॅलरी धरायला डाळ-तांदूळ कच्चेच तोलायचे, शिजवल्यावर नाही. शिजताना पाणी कमीजास्त होतं, त्यामुळे मोकळ्या भाताच्या आणि आसट भाताच्या 100 ग्रॅममध्ये बराच फरक पडतो. कच्च्या धान्याडाळीसाठी 100 ग्रॅमला 320 ते 360 कॅलरी धरा. पाकिटावर 100 ग्रॅमचा आकडा छापलेला असला तर तोच वापरा.

पोळीसाठी 300 ग्रॅम कणिक भिजवली आणि गोळा 480 ग्रॅमचा झाला, तर 40 ग्रॅमचे बारा उंडे करा. एका उंड्यात 25 ग्रॅम कणिक, म्हणजे 80-85 कॅलरी. घडीला लावलेलं तेल वेगळं धरा. 3 ग्रॅमला 27. पहिले काही दिवस प्रत्येक उंडा तोला, नंतर हातालाच कळायला लागतं.

सावजी पद्धतीचं मटण केलं तर मटण हाडासकट तोला, जेवण झाल्यावर हाडं गोळा करून तोला आणि वजा करा. वाढताना वरची तर्री कोणाच्या वाटीत जास्त गेली हे डोळ्यांनीच बघावं लागतं, कारण तेल सगळं तिथेच तरंगतं. संत्रं सोलून तोला. 100 ग्रॅम फोडींना 50 कॅलरीसुद्धा नाहीत, तेव्हा आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की मनसोक्त खा. पालेभाज्यांनाही काट्याची गरज नाही. फल्लीदाण्यांना मात्र नक्की आहे. मूठभर म्हणता म्हणता 40 ग्रॅम जातात, आणि ते 200 कॅलरींच्या वर.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचाराच. जेवण कमी आणि औषध तेवढंच राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. वाढत्या लेकरांच्या ताटाला काटा लावू नका. आकडे बघून कोणाला जेवायचीच धास्ती वाटायला लागली, तर काटा सरळ उचलून ठेवा.

गोळाभात, म्हणजे डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला भात करायचा असेल तर वरून घालायचं फोडणीचं तेल भातावर एकदम ओतू नका. ते वाटीत वेगळं ठेवा, जरा निवलं की वाटी पाटावर ठेवून शून्य करा, आणि वाढताना प्रत्येकाच्या भातावर 10 ग्रॅम घाला. चव पुरती येते, आणि ज्याला आणखी हवं त्याला आपण किती घेतलं ते समोर दिसतं.