किटवर रेघ उमटली, म्हणजे आज हिवताप आहेच असं नाही

हिवताप तपासायला रक्ताची काचपट्टी करणं, झटपट चाचणीचं किट लावणं तुम्हाला येत असेलच. मला सगळ्यात जास्त छळलं त्या गोष्टीबद्दल सांगते.

फाल्सिपेरम या हिवतापाच्या जंतूची बहुतेक किट त्याचं एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात. जंतू मेले तरी ते रक्तात काही आठवडे टिकतं. औषध पुरं करून बऱ्या झालेल्या माणसाला पंधरवड्याने दुसऱ्याच कारणाने ताप आला, तरी रेघ उमटते. अशा रुग्णांपुढे माझी मती गुंग व्हायची. औषध लागू पडलं नाही, की नव्याने लागण झाली? याचं उत्तर किट देऊच शकत नाही. काचपट्टी मायक्रोस्कोपखाली धरा, रिंगा, म्हणजे लाल पेशीत अंगठीसारखे दिसणारे कोवळे जंतू, आहेत का बघा. नुसते केळ्याच्या आकाराचे गॅमिटोसाइट (जंतूचं डासात जाणारं रूप) दिसले तर औषध फसलं असं लिहू नका, तेही उपचारानंतर रेंगाळतात. म्हणून किट फोडण्याआधी विचारा: गेल्या महिनाभरात हिवतापाचं औषध घेतलंत का? हा प्रश्न गाळलात तर रुग्णाला नको ते औषध मिळतं, तापाचं खरं कारण झाकलं जातं आणि जुना रुग्ण नवा म्हणून नोंदला जातो. फवारणी कुठे करायची हे याच नोंदींवरून ठरतं, हे विसरू नका.

याच्या उलटही घडतं. काही फाल्सिपेरम जंतूंमध्ये एचआरपी-२ चं जनुकच नसतं. 2010 साली पेरूमधून ते पहिल्यांदा समोर आलं. तिथे किट निगेटिव्ह येतं आणि रुग्ण गंभीर होत जातो.

काचपट्टी वाचताना चुकलात तरी घाबरू नका. लाल पेशीवर बसलेली प्लेटलेट रिंगेसारखी दिसते, नवख्या प्रत्येकाला दिसते. नजर बसायला वेळ लागतोच. पण वीस फील्ड (मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक फील्ड) चाळून 'निगेटिव्ह' लिहिणाऱ्याला गुरू करू नका, मग त्याचा अनुभव कितीही असो. काचपट्टीवरच्या रक्ताच्या जाड थराची 100 फील्ड तेलाच्या भिंगाखाली पाहिल्याशिवाय निगेटिव्ह म्हणायचं नाही. शंका आली की आपल्या मायक्रोस्कोपवर बोलावून दाखवणारा माणूस शोधा, तोच खरा शिकवतो.

प्रजातीही नीट लिहा. व्हायव्हॅक्स ही हिवतापाच्या जंतूची दुसरी प्रजात यकृतात दडून राहते, तिला प्रायमाक्विन हे औषध लागतं, आणि ते देण्याआधी रुग्णाच्या रक्तातलं जी-६-पीडी हे लाल पेशींना जपणारं विकर तपासावं लागतं. काचपट्टी निगेटिव्ह आली पण हिवतापाचा संशय जात नसेल, तर 12 ते 24 तासांनी पुन्हा रक्त घ्या.