स्क्रिप्टमधून खिडक्या आळीपाळीने पुढे आणणे: माझा अनुभव
लिनक्सवर ब्राउझर, टर्मिनल आणि पीडीएफ वाचक ठरावीक वेळाने आळीपाळीने पुढे आणणारी माझी स्क्रिप्ट दोनच खिडक्यांमध्ये अडकून राहत असे. ऑल्ट-टॅब कळा पाठवणे फसले, कारण तो क्रम शेवटच्या वापरानुसार बदलतो. शीर्षकावरून शोधणेही टिकले नाही, कारण टॅब बदलताच ब्राउझरचे शीर्षक बदलते. दोन संध्याकाळी यातच गेल्या.

अखेर उघड्या खिडक्यांची यादी देणारी ‘डब्ल्यूएमसीटीआरएल -एलएक्स’ (wmctrl -lx) ही आज्ञा चालवून तिसऱ्या स्तंभातले वर्गनाव, म्हणजे खिडकी कोणत्या प्रोग्रामची आहे ते सांगणारे नाव, जे शीर्षक बदलले तरी तेच राहते, प्रत्येक खिडकीसाठी टिपून घेतले. मग लूपमध्ये खिडकी पुढे आणणारी ‘डब्ल्यूएमसीटीआरएल -एक्स -ए’ (wmctrl -x -a) आणि त्यापुढे ते वर्गनाव लिहून प्रत्येक आज्ञेनंतर ‘स्लीप १०’ (sleep 10), म्हणजे दहा सेकंदांचा थांबा, ठेवले. लिनक्सवर खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या एक्स११ (जुनी) आणि वेलँड (नवी) अशा दोन व्यवस्था आहेत; वेलँडच्या स्वतःच्या खिडक्या या आज्ञेला दिसत नाहीत, म्हणून उपलब्ध असेल तर लॉगिन करतानाच एक्स११ सत्र निवडावे.