लुगडं कॉम्प्युटरवर चढवताना

साताऱ्यातल्या एका छोट्या संग्रहाची कापडं मी नोंदवते. सुरुवात कॉम्प्युटरपासून नको, सुईपासून करा. धुतलेल्या सुती पट्टीवर पक्क्या शाईने नंबर लिहायचा आणि काठाच्या आतून दोन सैल टाके घालायचे. चिकटपट्टी अजिबात नको, गोंद कापडात उतरतो. नंबर असा: २०२४.३.१, म्हणजे साल, त्या साली आलेलं कितवं गाठोडं आणि त्यातलं कितवं कापड. फोटोच्या फाईललाही हाच नंबर द्या.

फोटो फ्लॅश बंद ठेवून, शेजारी मोजपट्टी आणि रंगकार्ड (ठरलेल्या रंगांचे चौकोन छापलेलं कार्ड) मांडून काढा. एक फोटो बाजूने तिरका उजेड टाकून घ्या, रफू आणि जुन्या घड्या लगेच दिसतात. उलट बाजू तर हवीच! पारंपरिक पैठणीचा पदर दोन्हीकडून जवळजवळ सारखा दिसतो, तर जादा बाण्याच्या, म्हणजे जास्तीचा आडवा धागा घालून विणलेल्या नक्षीत मागे सुटे धागे लोंबतात.

आमचा घोळ शब्दांत झाला. मी 'लुगडं' लिहायचे, मदतनीस 'साडी', तिसरी 'पातळ'. शोधलं की एकतृतीयांशच सापडायचं. आता प्रकाराच्या रकान्यात ठरलेले शब्दच निवडता येतात, घरचं नाव वेगळ्या रकान्यात जातं.

मोठ्या संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने केलेलं 'जतन' हे नोंदणीचं सॉफ्टवेअर आहे. आम्हाला स्प्रेडशीट पुरते. लोकांना दाखवताना फोटोची लहान प्रत द्या, मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा. देणाऱ्याचा पत्ता, किंमत आणि कपाटाचा क्रमांक हे रकाने मात्र लोकांना दाखवायच्या यादीतून आधी काढून टाका.