पिकअपला एटी (ऑल-टेरेन, म्हणजे खराब रस्त्यावरही चालणारे) टायर टाकल्यावर फुल लॉकला, म्हणजे स्टीयरिंग पूर्ण फिरवल्यावर घासतोय? माझा अनुभव

कंपनीचा साइज २५५/६० आर १८, मी हौसेने २६५/६५ आर १८ ऑल-टेरेन टाकले. अंधेरीत सोसायटीच्या गेटवर यू-टर्न घेतला की पुढून खर्रर्र आवाज, पुढचं चाक आतल्या लायनरला (चाकाभोवतीच्या प्लास्टिकच्या अस्तराला) घासायचं. अलाइनमेंट केलं, मडफ्लॅप कापले, हवा वाढवली, काही फरक नाही. दोन महिने नुसता वैताग.

शेवटी हे केलं. आधी ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरून साइज घेतला. मग टायरची उंची काढली: रुंदी (साइजमधला पहिला आकडा, मिमीत) गुणिले दुसरा आकडा टक्क्यांत (६० म्हणजे ०.६०, ६५ म्हणजे ०.६५) गुणिले २, अधिक १८ इंची रिमचे ४५७ मिमी, म्हणजे कंपनीचा ७६३ आणि माझा ८०२, तब्बल ५ टक्के मोठा, म्हणूनच स्पीडोवर ८० दिसताना गाडी ८४ ला पळायची! ३ टक्क्यांच्या आतच राहायचं, म्हणून २६५/६० आर १८ घेतला, ७७५ मिमी. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) जुन्याइतकाच, ११२, म्हणजे टायरमागे ११२० किलो, हा कमी घेऊ नका प्लीज. फिट करून बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग दुकानातच दोन्हीकडे फुल लॉक फिरवून बघितलं, आणि माळशेज करून आल्यावर नट परत टाइट केले. घासणं पूर्ण बंद.