घटस्फोटात पैसे मागायचे की नाही: सही करण्याआधी कसं ठरवावं

"आम्हाला त्यांचा पैसा नको, पोरगी सुटली म्हणजे झालं." बेळगावच्या कोर्टाच्या आवारात हे वाक्य बोलणारा बहुतेक वेळा मुलीचा भाऊ असतो, नाहीतर काका. मुलगी शेजारी गप्प उभी असते. महिला मंडळाच्या कामामुळे अशी प्रकरणं मी वर्षानुवर्षं जवळून पाहते आहे, आणि आता या वाक्याचा मला राग येतो. पैसा नको म्हणायला हरकत काहीच नाही, पण ते हिशेब मांडून म्हणावं, तावातावात नव्हे. दुसऱ्या टोकाला "निम्मं घर आणि निम्मी शेती घेतल्याशिवाय सोडू नकोस" असं कान भरणारे असतात. त्यांच्या नादानं चार-पाच वर्षं तारखा होतात आणि हाती लागतं ते वकिलाचं बिल.

लग्नपत्रिका, फोटो, दाखले, आधार वगैरे गोळा करून ठेवा, हे सांगत बसत नाही. पुढचं सगळं हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली येणाऱ्या लग्नांबद्दल आहे. त्यात लिंगायत, जैन, बौद्धही येतात. मुस्लिम आणि ख्रिस्ती लग्नांना वेगळे कायदे आहेत.

आधी चार गोष्टी वेगळ्या करा

स्त्रीधन, तुमची पोटगी, मुलांचा खर्च आणि राहायची सोय. या चारींची एकच मोट बांधून "किती देता बोला" असा सौदा करणं ही इथली जुनी खोड आहे आणि त्यात बाईच नुकसानीत जाते.

स्त्रीधन म्हणजे तुमच्या अंगावरचं, माहेरानं आणि सासरानं तुम्हाला दिलेलं. ते तुमचंच आहे. ते परत घेणं म्हणजे पैसे मागणं नव्हे. पोटगी सोडायची ठरवली तरी पाटल्या, बोरमाळ, तोडे सोडू नका. लग्नाचा अल्बम उघडा, एकेका फोटोवर बोट ठेवत यादी करा आणि सोनाराच्या पावत्या मिळाल्या तर त्या जोडा. "सोनं सोसायटीत गहाण आहे" असं उत्तर आलं तर कर्ज कुणाच्या नावावर आहे ते विचारा.

मुलांचा खर्च मुलांचा असतो. आईनं "मुलासाठी काही मागणार नाही" असं लिहून दिलं म्हणून मुलाचा हक्क बुडत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलामुलींचा जन्मानं येणारा हिस्साही तुमच्या तडजोडीच्या कागदात कुणाला घुसडू देऊ नका.

आता ते "निम्मं". ही समजूत आपल्याकडे गोव्याहून चोर्ला घाट चढून आली असावी, असा माझा संशय आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे, वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतात आणि घटस्फोटात ती वाटली जाते. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात असं नाही. खानापूरचा नवरा पणजीत नोकरीला आहे एवढ्यानं गोव्याचा नियम लागत नाही. इथं सुनेला नवऱ्याच्या जमिनीत घटस्फोटामुळे हिस्सा मिळत नाही. ती जमीन बघून पोटगी किती असावी ते ठरतं आणि कोर्टाला वाटलं तर त्या पोटगीचा बोजा जमिनीवर चढवता येतो.

मागावं का?

तुमच्या महिन्याच्या खर्चातून तुमची कमाई वजा करा. घरभाडं, किराणा, शाळेची फी, औषधं आणि वर्षातून एकदा येणारे खर्च बाराने भागून. माहेरी राहता म्हणून भाडं शून्य धरू नका. वडील आहेत तोवर ती खोली तुमची आहे, वहिनीच्या राज्यात ती राहीलच असं नाही.

हा आकडा शून्याच्या आसपास असेल, मूल नसेल, लग्न वर्षा-दोन वर्षांचं असेल तर पोटगीच्या मागे लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. स्त्रीधन घ्या, दोघांच्या संमतीनं मोकळे व्हा. समोरचा खरोखर कर्जात बुडालेला असेल तरीही तेच. आकडा मोठा असेल तर मागायलाच हवं, आणि त्यात लाज कसली? हिंदू विवाह कायद्याची कलम २४ (केस चालू असतानाची पोटगी) आणि २५ (निकालानंतरची) नवरा-बायको दोघांनाही आहेत. कमावत्या बायकोकडून आजारी नवराही मागू शकतो.

"समोरचा काहीच कमवत नाही, शेती बापाच्या नावावर आहे" हे उत्तर येणारच, त्याला घाबरू नका. उसाचं बिल कारखान्याकडून बँकेतच जमा होतं. दुधाचं बिल असतं, पिग्मीचं पुस्तक असतं, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत हजेरी लागते, वडगाव-खासबागात माग स्वतःचे की भाड्याचे हे गल्लीला ठाऊक असतं. जमिनीचा उतारा कर्नाटक सरकारच्या 'भूमी' संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिलंय की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर सांगायची. दोन्ही बाजूंनी, म्हणजे तुम्हीही. शिवणाचे मिळणारे पैसे लपवलेत तर उलटतपासणीत तेच तुमच्या अंगावर येतात.

त्याच निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, निकालाच्या तारखेपासून नव्हे. म्हणून "आधी पंचांपुढं बसून बघू" म्हणत अर्ज लांबवू नका. अर्ज टाकून ठेवा, पंच काय त्यानंतरही बसू शकतात.

आणि पगाराच्या २५ टक्के ठरलेलेच असतात, असं सांगणाऱ्या वकिलाला बाकीच्या गोष्टीही दोनदा विचारा. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये एका प्रकरणात तेवढी रक्कम रास्त मानली होती. तो सरसकट नियम नाही.

एकरकमी की दरमहा

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. मलाही हा टप्पा समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण कायद्याच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. कलम २५ म्हणतं, एकरकमी द्या नाहीतर ठरावीक काळानं द्या. तुम्हाला कुठलं परवडेल ते तुम्हीच ठरवायचं.

एकरकमी आकडा ऐकायला नेहमी मोठा वाटतो. समजा बाई २८ वर्षांची, मुलगी तीन वर्षांची आणि समोरून सहा लाख देऊ केलेत. माहेरच्यांचे डोळे लकाकतात. आता ते सहा लाख ७ टक्क्यांनी ठेवीत टाका. वर्षाचं व्याज ४२,००० होतं, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार. महिन्याचा कमी पडणारा आकडा आठ हजार असेल तर दरमहा मुदलाला हात लागणार. तसं करत गेलं तर रक्कम साधारण सव्वाआठ वर्षांत संपते. तेव्हा मुलगी अकरा वर्षांची, अजून हायस्कूललाही गेलेली नाही. महागाई तर यात धरलेलीच नाही. म्हणून देऊ केलेली प्रत्येक रक्कम आधी महिन्यात मोडून बघा. कागद-पेन्सिल घ्या आणि समोरच्यांच्या देखत मोडा. आकडा बऱ्याचदा तिथल्या तिथं वर सरकतो.

मग दरमहाच बरं का? ते पैसे देणाऱ्या माणसावर आहे. दरमहाचा हुकूम कागदावर कितीही चांगला असला तरी थकला की वसुलीचा अर्ज तुम्हीच करायचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) मिळालेली पोटगी थकली तर थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, नाहीतर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. दर वेळी शेतावरची मजुरी बुडवून चिकोडीहून किंवा खानापूरहून तारखेला यायचं. समोरचा एका तारखेला थोडे भरतो आणि पुढची मुदत मागतो.

म्हणून माझा नियम सरळ आहे. पगार खात्यातून येणारा असेल, म्हणजे सरकारी नोकर, शिक्षक, बँकवाला, तर दरमहा घ्या आणि पगारातूनच कापून मिळेल असं बघा. सीमाभागातली पुष्कळ मुलं फौजेत आहेत. लष्करी कायदा, १९५० प्रमाणे जवानाच्या पगारातून बायको-मुलांच्या पोटगीची कपात होऊ शकते. त्याचा अर्ज लष्कराकडेच जातो, त्यासाठी घटस्फोटाच्या निकालाची वाट बघायची नसते. नवरा ऊस-तंबाखूवाला, व्यापारी, रोखीत कमावणारा, किंवा आज गोव्यात, उद्या पुण्यात, परवा दुबईत असेल तर एकरकमी घ्या. थोडी कमी मिळाली तरी घ्या.

पुन्हा लग्न करायचा विचार मनात असेल तर तो स्वतःशी प्रामाणिकपणे धरा, घरात बोलून दाखवायची गरज नाही. पुन्हा लग्न झालं की दरमहाची पोटगी बंद करून घेता येते. एकरकमी मिळालेली रक्कम परत जात नाही. मुलांचा खर्च मात्र एकरकमीत घालू नका, तो दरमहाच आणि दर वर्षी ठरावीक वाढीसह लिहून घ्या. फी काय भावानं वाढते ते कुठल्याही आईला विचारा.

पैसे कधी हातात घ्यायचे, ही यातली शेवटची मेख. संमतीच्या घटस्फोटात, कलम १३ ब मध्ये, पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा कोर्टापुढं यावं लागतं. ही मुदत माफ होऊ शकते, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये म्हटलंय. दुसऱ्या वेळी "हो" म्हणेपर्यंत संमती मागे घेता येते, आणि तुमच्या हातातलं वजन तेवढंच असतं. एक भाग पहिल्या अर्जाच्या दिवशी आणि उरलेला दुसऱ्या तारखेला न्यायाधीशांसमोर डीडीनं घ्या. पुढच्या तारखेचा चेक, "दिवाळीनंतर देतो", "ऊस गेला की देतो" यातलं काहीही चालवून घेऊ नका. नवऱ्यावर फौजदारी केस असेल आणि ती हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात रद्द करून घ्यायची असेल तर समोरचा काही रक्कम तोवर मागे ठेवायला बघतो. ते अगदीच गैर नाही, पण ती रक्कम त्याच्या खिशात नको, कोर्टात जमा हवी.

न वाचता येणारा कागद

इथल्या खालच्या कोर्टांत कागद कन्नडमध्ये असतो नाहीतर इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेली बाई तो वाचू शकत नाही आणि सही करून मोकळी होते. प्रत्येक तडजोडीत एक परिच्छेद ठरलेला असतो, बहुधा शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर: मागची, आजची आणि पुढची पोटगी, स्थावर-जंगम मालमत्ता, कशावरही आपला हक्क उरलेला नाही. रक्कम हातात पडली असेल तर हे ठीक. पडलेली नसेल तर त्या ओळीखाली सही म्हणजे सगळ्यावर पाणी. कागद आदल्या दिवशी घरी आणा, दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाकडून ओळ न् ओळ मराठीत सांगून घ्या. हा माणूस तुमच्या वकिलाच्या ऑफिसातला नको. "साहेब वाट बघताहेत, लवकर सही करा" म्हटलं तर पुढची तारीख मागा, आकाश कोसळत नाही. लोकअदालतीत तर जास्तच सावध राहा, तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

बाँडावर नोटरी करून पंचांच्या सह्यांनी केलेली सोडचिठ्ठी हा घटस्फोट नव्हे. तुमच्या समाजात तशी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करता आलं तरच ती टिकते. "काही घेणं-देणं उरलं नाही" एवढं वाक्य मात्र पुढं तुमच्याविरुद्ध दाखवायला हमखास बाहेर निघतं.

अर्ज कुठं

माहेर चंदगड किंवा गडहिंग्लजला आणि सासर बेळगावला असेल, तर बायको स्वतः राहते तिथंही अर्ज करू शकते, तशी तरतूद २००३ पासून आहे. तिथं कामकाज मराठीत होतं आणि वरच्या कोर्टासाठी ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच आहे. पण नवऱ्याची जमीन आणि नोकरी कर्नाटकात असेल तर पुढं वसुलीला इकडंच यावं लागतं. एकरकमीवर मिटणार असेल तर माहेरचं कोर्ट सोयीचं, दरमहाची वसुली करायची असेल तर बेळगाव.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

निकाल लागला की हुकुमाच्या दोन-तीन सहीशिक्क्याच्या प्रती त्याच आठवड्यात काढून घ्या. डीडी माहेरच्या जोडखात्यात भरू नका, फक्त स्वतःच्या नावाच्या खात्यात भरा. भावाला ट्रॅक्टरचा हप्ता भरायचा असेल तर तो त्याचा त्यानं बघावा.